व्याख्या पाठ आहेत, पण उदाहरण आलं की गोंधळ

वाचकाचं पत्र: "मी सिडकोत राहते, वय 38. बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण सुटलं. यंदा मुक्त विद्यापीठातून बी.ए.ला प्रवेश घेतलाय, त्यात समाजशास्त्र आहे. दर्जा, भूमिका, समुदाय, मंडळ, संस्था, मूल्यं, प्रमाणकं, सगळ्यांच्या व्याख्या पाठ आहेत. पण 'उदाहरणासह स्पष्ट करा' म्हटलं की हात थांबतो. समुदायाचं उदाहरण मंडळात जातं, मूल्य लिहायला घेते तर प्रमाणक होतं. घरचे म्हणतात, हे सगळं रोजचंच आहे, यात शिकायचं काय? आमच्या बचत गटाची मी सचिव आहे. माझी नणंदही त्याच गटात आहे. तिचे तीन हप्ते थकलेत आणि बैठकीत थकबाकीची यादी मलाच वाचावी लागते. असलं काही उत्तरात लिहिलेलं चालतं का, की पुस्तकातलीच उदाहरणं द्यायची? – एक विद्यार्थिनी, नाशिक"

ताई,

चालतं. आमचं तर म्हणणं आहे की तेच लिहा. पत्राच्या शेवटी नणंदेच्या हप्त्यांबद्दल तुम्ही जे सहज लिहून गेलात, ते भूमिका संघर्षाचं चोख उदाहरण आहे. संकल्पना तुम्हाला कळलेली आहे, तिचं नाव घालायचं तेवढं राहिलंय.

गोंधळ होतो तो अभ्यासाच्या पद्धतीमुळे. व्याख्या एकाखाली एक पाठ केल्या की सगळ्या सारख्याच वाटू लागतात, कारण बहुतेकींमध्ये 'व्यक्ती', 'समूह', 'संबंध', 'नियम' हेच शब्द फिरून फिरून येतात. म्हणून व्याख्येच्या जोडीला प्रत्येक संकल्पनेसाठी कसोटीचा एक प्रश्न ठेवा. आणि दहा संकल्पनांसाठी दहा उदाहरणं शोधत बसू नका. रोजच्या ओळखीचा एकच प्रसंग घ्या आणि त्याला हे प्रश्न एकेक करून विचारा. तुमच्यासाठी तो प्रसंग म्हणजे गटाची बैठक.

दर्जा आणि भूमिकेपासून सुरुवात करू. सचिव ही गटातली एक जागा आहे. उद्या तुम्ही ती सोडलीत आणि दुसरी कुणी आली, तरी जागा राहतेच. 'माणूस बदलला तरी ही जागा उरते का?' हा प्रश्न विचारा. उत्तर हो आलं, तर तो दर्जा. त्या जागेवर बसलेल्या बाईनं इतिवृत्त लिहायचं, पासबुकात नोंद करायची, थकबाकी वाचायची, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. 'या जागेवरच्या माणसाकडून कोण काय अपेक्षा ठेवतं?' याचं उत्तर म्हणजे भूमिका. दर्जा धारण करायचा असतो, भूमिका पार पाडायची असते. राल्फ लिंटन या अमेरिकी मानवशास्त्रज्ञानं 1936 साली ही मांडणी केली. अर्पित आणि अर्जित दर्जा हा भेदही त्याचाच. तुम्ही मुलगी आहात, बहीण आहात, हे जन्मानं मिळालेलं, म्हणून अर्पित. सचिव आणि विद्यार्थिनी हे दर्जे तुम्ही मिळवलेत, म्हणून अर्जित.

मग 'वहिनी' कुठं टाकायचं? इथं बरेच विद्यार्थी अडतात. लग्नातून मिळणारे दर्जे पुस्तकांत सहसा अर्जित मानले जातात. पण ज्या समाजात जोडीदार कोणत्या जातीतला हे आधीच ठरलेलं असतं, तिथं या अर्जित दर्जावर अर्पिताचा मोठा वाटा असतो. हे एवढं वाक्य उत्तरात आलं, तर तपासणाऱ्याला कळतं की लिहिणाऱ्यानं विचार केलाय.

आता तुमची अडचण. इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विद्यार्थी नेमक्या त्यांचीच सरमिसळ करतात. सचिव या एकाच दर्जामुळे तुमचा संबंध सभासदांशी येतो, अध्यक्षांशी येतो, बँकेच्या अधिकाऱ्याशी येतो, 'माविम'चा, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाचा, गट असेल तर त्यांच्या सहयोगिनीशी, म्हणजे गटांना मदत करणाऱ्या कार्यकर्तीशी, येतो. एका दर्जाभोवतीच्या या सगळ्या भूमिकांना रॉबर्ट मर्टननं 1957 साली भूमिका-संच म्हटलं. सभासदांना वाटतं सचिवानं जरा सांभाळून घ्यावं, बँकेला वाटतं परतफेड वेळेवर व्हावी. दोन्ही अपेक्षा एकाच दर्जाकडून आहेत, म्हणून हा भूमिका-ताण. नणंदेचं तसं नाही. सचिव म्हणून तिचं नाव वाचायचं आणि वहिनी म्हणून तिला चारचौघींत उघडं पाडायचं नाही, अशा दोन वेगळ्या दर्जांच्या अपेक्षा एकमेकींवर आदळतात. हा भूमिका संघर्ष. दर्जे मोजा: एक असेल तर ताण, दोन किंवा जास्त असतील तर संघर्ष. पेपरात ही चूक पुन्हा होणार नाही.

हा संघर्ष समाजात सुटतो कसा, हेही लिहा. त्यानं उत्तराला वजन येतं. माणसं एका भूमिकेला अग्रक्रम देतात, किंवा दोन्ही भूमिका वेगवेगळ्या वेळी आणि जागी पार पाडतात, किंवा निर्णयाचा भार नियमावर टाकतात. चांगल्या गटांत तिसरा मार्ग चालतो. तुमच्या गटालाही सुचवून बघा: ज्या सभासदाशी सचिवाचं नातं आहे तिची थकबाकी अध्यक्षांनी वाचावी आणि तिच्या कर्जाच्या निर्णयात सचिवानं मत देऊ नये. एकदाच ठराव करून इतिवृत्तात लिहून ठेवा. तुमची नणंद गटात आहे म्हणून नव्हे, कुठल्याही सचिवासाठी म्हणून लिहा. नियम कुणाचं नाव न घेता केला की कुणाच्या मनाला लागत नाही.

समूह ही संकल्पना सोपी वाटते आणि तिथंच मार्क जातात. 'अनेक लोक एकत्र आले की समूह' हे चूक. सिंहस्थातल्या पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर अफाट माणसं असतात, तरी ती समाजशास्त्राच्या अर्थानं समूह होत नाहीत. ती गर्दी आहे. स्नान झालं की ज्याची त्याची वाट वेगळी. त्याच गर्दीत मिरवणुकीनं आलेला एखादा आखाडा मात्र समूह आहे. त्याचे लोक एकमेकांना ओळखतात, त्यांच्यात श्रेणी आहे, नियम आहेत आणि 'आम्ही' ही भावना आहे. 'यांच्यात परस्परक्रिया टिकून आहे का आणि हे स्वतःला आम्ही म्हणतात का?' हा प्रश्न विचारा. नाशिकमधल्या 38 वर्षांच्या सगळ्या बायका हाही समूह नाही. जनगणनेला लागणारा तो नुसता एक प्रवर्ग आहे.

प्राथमिक समूहाची कल्पना चार्ल्स कूलीनं 1909 साली मांडली. घर, मुलांचा खेळगट, शेजार, जिथं समोरासमोरचे जिव्हाळ्याचे संबंध असतात आणि माणूस घडतो. 'प्राथमिक आणि दुय्यम हे दोन प्रकार कूलीनं सांगितले' असं कितीतरी गाईडांत छापलेलं आढळतं. कूलीनं प्राथमिकाबद्दल लिहिलं, दुय्यम समूह हे नाव नंतरच्या अभ्यासकांनी दिलं. उत्तरात हे नीट लिहा.

तुमचा गट यात कुठं बसतो? तो हेतू ठरवून काढलेला आहे, त्याला लेखी नियम आहेत, दंड आहे, म्हणजे दुय्यमाची लक्षणं. पण दहावीस बायका, आठवड्याला किंवा महिन्याला समोरासमोर भेटणाऱ्या, एकमेकींच्या घरचं सगळं ठाऊक असणाऱ्या, ही प्राथमिकाची. यात घाबरण्यासारखं काही नाही. प्राथमिक आणि दुय्यम ही दोन टोकं आहेत आणि प्रत्यक्षातले समूह मध्ये कुठंतरी असतात. मॅक्स वेबरनं ज्याला आदर्श प्रारूप म्हटलं ते हेच: मोजमापासाठी मनात केलेली शुद्ध प्रतिमा, जिच्याशी वास्तव ताडून बघायचं. उत्तरात दोन्ही बाजूंची लक्षणं लिहा आणि कोणती जड आहेत ते सांगा. एका खणात कोंबण्याची घाई करू नका.

आता समुदाय, मंडळ, संस्था. या तिघांचा गुंता सर्वांत जुना. रॉबर्ट मॅकआयव्हरनं यावर पुष्कळ लिहिलंय आणि आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांतली मांडणी बरीचशी त्याच्याच वळणाची आहे.

मंडळाची कसोटी: 'याचं सभासद होता येतं का आणि सभासदत्व सोडता येतं का?' बचत गट, कामगार संघटना, तुमच्या गल्लीचं गणेश मंडळ, तुमचं महाविद्यालय, सगळी मंडळं. कारण ती ठरावीक हेतूसाठी काढलेली असतात. संस्थेची कसोटी: 'हे काम समाजात कोणत्या ठरलेल्या रीतीनं चालतं?' विवाह, शिक्षण, मालमत्ता, वारसा या संस्था. तुम्ही विवाहसंस्थेचे सभासद नसता, तुम्ही तिच्या रीतीनं लग्न करता. महाविद्यालय हे मंडळ, शिक्षण ही संस्था. कुटुंब दोन्हीकडे बसतं. तुमचं घर, म्हणजे ही पाच माणसं, हे मंडळ. आणि मुलगी सासरी जाते, आडनाव वडिलांचं लागतं, ही कुटुंबाची रीत ही संस्था. बोलण्यात आपण कुठल्याही नोंदणीकृत कार्यालयाला संस्था म्हणतो, त्यामुळे 'सामाजिक संस्थेची उदाहरणं द्या' असं आलं की निम्मे विद्यार्थी पतसंस्था आणि सेवाभावी संस्था लिहितात. तिथं सावध राहा.

समुदायाची कसोटी मॅकआयव्हरनंच दिली आहे: 'माणसाचं अख्खं आयुष्य इथं जाऊ शकतं का?' बचत गटात कुणी जन्मभर राहू शकत नाही, गावात राहू शकतो. समुदायाला दोन पाय लागतात, एक भूप्रदेश आणि दुसरी समुदायभावना. तुम्हाला सिडकोचं उदाहरण घेता येईल. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमुळे ही वस्ती वाढली, माणसं गावोगावची. प्रदेश आहे, पण समुदायभावना आहे का? श्रावणात नागपंचमीनंतर कानबाई, म्हणजे खान्देशातली देवी, घरोघर बसते तेव्हा बघा. खान्देशातून आलेली घरं भाऊबंदांना बोलावतात, रोट करतात, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन होतं, आणि शेजारचा जो मूळ खान्देशातला नाही तोही दर्शनाला येतो. एकीकडे मागे सोडून आलेल्या प्रदेशाची भावना जपली जाते आणि दुसरीकडे नव्या वस्तीचा शेजार घडतो. फर्डिनांड टॉनीजनं 1887 साली जिव्हाळ्याचा समुदाय आणि कराराचा समाज असा भेद केला होता. शहरात आलं की पहिला संपतो आणि दुसरा सुरू होतो, असं सरधोपट लिहिण्यापेक्षा कानबाईचं हे उदाहरण फार बोलकं आहे. आमचा अनुभव असा की हे असं स्थानिक निरीक्षण तपासणाऱ्यांना आवडतं, मात्र ते संकल्पनेला बांधलेलं हवं. नुसतं सणाचं वर्णन केलं तर तो निबंध होतो.

मूल्य आणि प्रमाणक यांचा फरक एका ओळीत मावतो. समाज काय चांगलं मानतो ते मूल्य, आणि त्यासाठी नेमकं काय करायचं वा करायचं नाही ते प्रमाणक. 'प्रामाणिकपणा' हे मूल्य आहे. 'बैठकीला उशीर झाला तर पाच रुपये दंड' हे प्रमाणक. मूल्य मोघम असतं आणि प्रमाणक पाळलं की मोडलं ते सांगता येतं. प्रमाणक मोडल्यावर जे होतं तो सामाजिक नियंत्रणाचा भाग, मग तो रोख दंड असो किंवा नुसतं तोंड फिरवणं. विल्यम समनरनं 1906 साली लोकरीती आणि लोकनीती असे प्रकार पाडले. पाहुण्याला पाणी न विचारणं हा लोकरीतीचा भंग, लोक नावं ठेवतात आणि विसरतात. लोकनीती मोडली तर समाजाला स्वतःच्या मुळावर घाव आल्यासारखं वाटतं आणि शिक्षाही कडक होते.

इथं थोडं थांबावंसं वाटतं, कारण घरच्यांच्या 'हे तर रोजचंच' या म्हणण्याला खरं उत्तर इथं आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू घ्या. गल्लीतली नवरा गेलेली बाई त्या दिवशी आपल्या दाराशीच थांबते. तिला 'येऊ नका' असं कुणी म्हटलेलं नसतं. तिला बोलावलेलं नसतं, एवढंच. कायदा नाही, पोलीस नाही, लेखी नियम नाही, तरी दहा घरं एकाच वेळी तेच करतात आणि ती स्वतःही तेच करते. एमिल दुर्खीमनं 1895 साली याला सामाजिक तथ्य म्हटलं: वागण्याची, विचार करण्याची अशी रीत जी व्यक्तीच्या बाहेर असते, तिच्या आधीपासून असते आणि तिच्यावर दाब टाकते. दाब आहे की नाही ते रीत पाळताना कळत नाही, मोडायला गेलं की कळतं. एखाद्या घरानं त्या बाईला वाण दिलं की सासूच्या चेहऱ्यावर, शेजारणीच्या कुजबुजीत तो दाब दिसू लागतो. समाजशास्त्र शिकायचं ते यासाठी. रोजचं असल्यामुळेच हे दिसत नाही.

आणि प्रमाणकं बदलतात, हेही त्याच उदाहरणात दाखवा. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं यांवर बंदी. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. अनौपचारिक प्रमाणकाविरुद्ध औपचारिक यंत्रणा उभी राहिली, असं हे लिहायचं. याहून कडक उदाहरण हवं असेल तर सामाजिक बहिष्काराचं आहे. जातपंचायत एखाद्या घराला वाळीत टाकते ते नियंत्रणाचं टोक. त्याविरुद्ध महाराष्ट्रानं 2016 साली खास कायदा मंजूर केला, तो जुलै 2017 पासून लागू झाला आणि त्यात 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. समाज आणि राज्यसंस्था यांची नियंत्रणं एकमेकांविरुद्ध कशी जातात, ते यात स्वच्छ दिसतं.

स्तरीकरणाला, म्हणजे समाजाच्या वरखाली थरांत होणाऱ्या विभागणीला, परदेशी उदाहरण शोधायची नाशिककरांना गरजच नाही. 2 मार्च 1930 ला पंचवटीत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, आणि इथली आघाडी सांभाळणाऱ्यांत दिंडोरी तालुक्यातून पुढे आलेले दादासाहेब गायकवाड. बाबासाहेबांकडे तोपर्यंत कोलंबिया आणि लंडनच्या डॉक्टरेट होत्या, बॅरिस्टरी होती. अर्जित दर्जा याहून वर काय असणार? तरी मंदिराचं दार उघडलं नाही, कारण दाराशी मोजला जात होता तो अर्पित दर्जा. एक दर्जा बाकी सगळ्यांना झाकून टाकतो तेव्हा त्याला प्रमुख दर्जा म्हणतात. हा लढा वर्षानुवर्षं चालला आणि 13 ऑक्टोबर 1935 ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. या एका घटनाक्रमात अर्पित दर्जा, स्तरीकरण, सामाजिक नियंत्रण आणि सामाजिक चळवळ या चार संकल्पना आहेत. वाचताना तारखा पाठ करा, पण उत्तरात कोणती तारीख कोणत्या संकल्पनेसाठी आणली ते स्पष्ट लिहा.

जात आणि वर्ग यांतला फरक विचारला तर जातीसाठी अभ्यासकांच्या नावांची लांब यादी नको, दोघं पुरेत. गो. स. घुर्ये यांनी 1932 साली जातीची सहा लक्षणं दिली: समाजाची खंडात्मक विभागणी, उतरंड, खाण्यापिण्यावरचे आणि संपर्कावरचे निर्बंध, नागरी व धार्मिक अपात्रता आणि विशेषाधिकार, व्यवसाय निवडण्यावरचं बंधन, विवाहावरचं बंधन. काळारामाचं बंद दार हे त्यातलं चौथं लक्षण. बाबासाहेबांनी त्याआधीच, 1916 च्या कोलंबियातल्या निबंधात, या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट ठेवली: जातीतल्या जातीत विवाह. आमचं मत विचाराल तर विद्यार्थ्यानं आधी हा निबंध समजून घ्यावा आणि मग घुर्यांची यादी पाठ करावी. कारण कळलं की लक्षणं लक्षात राहतात.

वर्गासाठी द्राक्षबागेत जा. निफाड-दिंडोरीकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी असते. मग विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), काढणी. या कामांना पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. बाग एकाची आणि श्रम दुसऱ्याचे, हा वर्गाचा फरक. तिकडे पाऊस भरपूर, पण भात, नागली, वरई निघाली की मागे पाणी उरत नाही आणि कामही. एका घरातला मुलगा आईबापाबरोबर बागेवर आला आणि त्याची शाळा बुडाली, तर ती त्या घराची अडचण. पाड्यावरच्या बहुतेक मुलांची शाळा दरवर्षी त्याच महिन्यांत बुडत असेल, तर कारण घरात शोधून सापडणार नाही. ते पाणी, जमीन, मजुरी आणि शाळेचं वेळापत्रक यांच्या मांडणीत आहे. सी. राईट मिल्सनं 1959 साली व्यक्तिगत अडचण आणि सार्वजनिक प्रश्न असा जो भेद केला तो हाच. विद्यार्थी सर्वांत जास्त चुकतात ते इथं. 'पालक अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाचं महत्त्व नाही' असं लिहितात. हे समाजशास्त्रीय उत्तर नव्हे, तो लोकांवर मारलेला शिक्का आहे. ज्या वाक्यात स्वभाव, आळस, अडाणीपणा हे कारण म्हणून आलं असेल ते वाक्य खोडा आणि 'असं अनेकांच्या बाबतीत का होतं?' हा प्रश्न घालून पुन्हा लिहा.

सामाजीकरणावर, म्हणजे माणूस समाजात वागायला कसा शिकतो त्यावर, फार वेळ घालवू नका. जॉर्ज हर्बर्ट मीडचे टप्पे नीट समजले की काम झालं. भातुकलीत मुलगी एका वेळी एकच भूमिका घेते, कधी आई, कधी दुकानदार. खो-खोत तसं चालत नाही. धावणाऱ्या गड्याला बसलेल्या आठांची तोंडं कुठं आहेत, कुणाला खो द्यायचा आणि समोरचा कुठं वळेल हे सगळं एकदम डोक्यात ठेवावं लागतं. सगळ्यांच्या अपेक्षा एकत्र डोक्यात बसणं म्हणजे मीडचा 'सामान्यीकृत इतर'. पुस्तकात बेसबॉल असतो, तुम्ही खो-खो लिहा. मीडचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1934 साली विद्यार्थ्यांनी ठेवलेल्या टिपणांतून निघालं, एवढं एक वाक्य पुरे.

व्यक्त आणि अव्यक्त कार्य हा प्रश्न आला तर पुन्हा गटाकडे या. नाबार्डनं 1992 साली गट बँकांना जोडायला सुरुवात केली तेव्हा ठरवलेला हेतू बचत आणि कर्ज. ते व्यक्त कार्य. बायका ठरल्या दिवशी घराबाहेर पडू लागल्या, बँकेत स्वतः सही करू लागल्या, चारचौघांत बोलू लागल्या, हे अव्यक्त. आणि कार्याबरोबर मर्टनचा अपकार्य, म्हणजे नुकसान करणारा परिणाम, हा शब्द विसरू नका: कर्ज बाईच्या नावावर, वापर नवऱ्याचा आणि हप्त्याची लाज मात्र तिची. एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्याकडून कर्ज काढणं हेही त्यातच. अपकार्याचा उल्लेख नसलेलं उत्तर जाहिरातीसारखं वाटतं.

अभ्यास असा करा. आखीव वही घ्या आणि पानाचे तीन उभे भाग पाडा. पहिल्यात प्रसंग, दोन-तीन ओळींत, कुणाची बाजू न घेता. दुसऱ्यात संकल्पना. तिसऱ्यात 'हीच का, शेजारची का नाही' याचं एका वाक्यात कारण: संघर्ष, कारण दर्जे दोन आहेत, मंडळ, कारण सोडता येतं. सगळी मेहनत या तिसऱ्या भागात आहे. तो रिकामा राहिला तर ती संकल्पना अजून पाठच आहे, समजलेली नाही. दिवसाला एकच प्रसंग पुरे, वीस मिनिटांत होतो.

उत्तर लिहिताना व्याख्या आधी, एकच, अभ्यासकाच्या नावासह. तीन-तीन व्याख्या ओळीनं लिहिल्यानं पान भरतं आणि वेळ जातो. मग लक्षणं, आणि प्रत्येक लक्षण त्याच एका उदाहरणात दाखवा. शेवटी शेजारच्या संकल्पनेपासूनचा फरक. उदाहरण मधेच बदललं की तपासणाऱ्याचा धागा तुटतो आणि तुमचाही. वेबर वाचताना एक काळजी घ्या: त्याचा 'दर्जागट' म्हणजे समाजात सारखा मान असलेल्या लोकांचा थर. लिंटनचा दर्जा म्हणजे एका माणसाची जागा. दोन्ही एका उत्तरात मिसळू नका.

आधी दर्जा-भूमिका पक्की करा, मग समूह, मग मंडळ-संस्था-समुदाय. मूल्य-प्रमाणक-नियंत्रण एका बैठकीत होईल. सामाजिक तथ्य त्यानंतर, आणि स्तरीकरण शेवटी, कारण त्याला आधीचं सगळं लागतं. आणि गटाचं उदाहरण उत्तरात किंवा स्वाध्यायात लिहाल तेव्हा 'एक सभासद', 'सचिवाची नातेवाईक' असंच लिहा. नणंदेचं नाव, गटाचं नाव, थकलेली रक्कम यातलं काही नको. तुमचा कागद कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, आणि उत्तराला त्याची गरजही नाही.